श्रोत्याची ध्वनिफीत : साधन आणि परीक्षण
(बॉब डिलनच्या उत्तरकालीन गायनाच्या संदर्भात)

१

गायकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती जी साधने सहज येतात, ती बहुतांशी त्या गायकाने किंवा त्याच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने निवडून दिलेली असतात. एका गीताचे दहा वेळा मुद्रण होते. त्यांतील एक पसंत केले जाते, नऊ कपाटात पडून राहतात. रंगमंचावरील कार्यक्रमाचे मुद्रण प्रसिद्ध करावयाचे झाले, तरी त्यातही निवड होते, चुकलेला सूर दुरुस्त केला जातो, प्रेक्षकांचा कोलाहल हवा तेवढाच ठेवला जातो. असे साधन खोटे असते असे नाही. परंतु ते गायकाच्या संमतीने तयार झालेले साधन असते, ही गोष्ट विसरून चालत नाही. मराठी वाचकास हा भेद नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून मागाहून रचलेली बखर आणि त्या त्या दिवशी लिहिलेला अस्सल कागद यांतील अंतर आपल्याकडे अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेले आहे.

संगीताच्या क्षेत्रात या अस्सल कागदाच्या जवळपास जाणारे एक साधन आहे, आणि ते बराच काळ उपेक्षित राहिले. कार्यक्रमास तिकीट काढून आलेला एखादा चाहता कोटाच्या खिशात किंवा टोपीत मायक्रोफोन दडवून, आपल्या जागेवरून जे ऐकू येईल ते टिपून घेतो. या मुद्रणास गायकाची संमती नसते, कंपनीचा हात लागलेला नसतो, आणि बहुधा त्यातून पैसा मिळविण्याचाही हेतू नसतो. अशा ध्वनिफितीचे परीक्षण कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणादाखल बॉब डिलन या अमेरिकन गायक-कवीचा विचार येथे केला आहे. डिलनचा जन्म १९४१ चा. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९६२ साली निघाली. २०१६ साली त्यास साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील काँकर्ड येथून त्याने जी भ्रमंती आरंभिली, तिच्यात २०१९ पर्यंत सुमारे ३,००० कार्यक्रम झाले. त्यांतील अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला भाग अत्यल्प आहे. म्हणजे या गायकाच्या प्रौढ आणि वृद्ध वयातील गायनाचा इतिहास लिहावयाचा तर श्रोत्यांच्या फितींवाचून गत्यंतर नाही.

२

श्रोत्याच्या मुद्रणाची परंपरा रॉक संगीताहून पुष्कळ जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०० ते १९०३ या काळात एडिसनचे मेणाच्या नळकांड्यांचे यंत्र नाट्यगृहात नेले आणि चालू प्रयोगांतील लहान लहान तुकडे टिपून घेतले. रंगमंचाच्या वरच्या अंगास असलेल्या अरुंद मार्गावर यंत्र ठेवून घेतलेली ही मुद्रणे अत्यंत अस्पष्ट आहेत; आवाज खरखरीच्या पलीकडून, कोठून तरी दुरून आल्यासारखा वाटतो. तथापि जाँ द रेश्के या आपल्या काळी जगद्विख्यात असलेल्या गायकाचा आवाज आज ऐकावयाचा तर याच नळकांड्यांकडे जावे लागते. साधन निकृष्ट असूनही अमूल्य ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली आणि पुढे लवकरच खिशात मावेल असे यंत्र सामान्य श्रोत्यास परवडू लागले. त्याआधीही मोठी यंत्रे लपवून आत नेणारे धाडसी लोक होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ओकलंड येथे झालेला ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम प्रेक्षागृहातून मुद्रित झाला, आणि थोड्याच आठवड्यांत त्याची चोरटी ध्वनिमुद्रिका विक्रीस आली. अशा ध्वनिमुद्रिकेस इंग्रजीत ‘बूटलेग’ म्हणतात. बुटाच्या नळीत दडवून दारूची चोरटी विक्री करण्याच्या प्रथेवरून हा शब्द आला. १९७० साली ग्रील मार्कस या समीक्षकाने ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात या ओकलंडच्या मुद्रिकेचे परीक्षण लिहिले. ज्या वस्तूला बाजारात अधिकृत अस्तित्व नाही, तिचे परीक्षण प्रतिष्ठित नियतकालिकात यावे, ही घटना लहान नव्हे. श्रोत्याची फीत ही केवळ स्मरणवस्तू नसून ती समीक्षेचा विषय होऊ शकते, हे त्यावेळी मान्य झाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चोरट्या मुद्रिका विकणारे व्यापारी आणि फितींची आपसांत देवघेव करणारे चाहते हे दोन वर्ग निराळे आहेत. दुसऱ्या वर्गात कोरी कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठविला की प्रत मिळे. पैसे घेणे कमीपणाचे मानले जाई. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने तर १९८४ च्या ऑक्टोबरपासून मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागाच राखून ठेवली. डिलनने अशी मुभा कधी दिली नाही. त्यामुळे त्याच्या कार्यक्रमांच्या फितींवर मुद्रण करणाऱ्याचे नाव सहसा आढळत नाही. प्रत करणाराही नाव लावीत नाही. जुन्या पोथीच्या शेवटी ज्याप्रमाणे लेखनिकाचे नाव, शक आणि स्थळ देणारी पुष्पिका असते, तशी पुष्पिका या फितींना अनेकदा नसते. आणि जेथे असते तेथे ती विश्वसनीय असतेच असे नाही.

३

पुष्पिका चुकली म्हणजे काय होते, याचा धडा १९६६ च्या एका मुद्रणाने दिला आहे. हे मुद्रण कंपनीच्या यंत्रावर झालेले होते, श्रोत्याने केलेले नव्हते. परंतु ते बाहेर पडले आणि चाहत्यांच्या हाती प्रतींवर प्रती होत फिरले, म्हणून त्याचा विचार येथे प्रस्तुत ठरतो. त्या वर्षी डिलन विजेवर चालणारी गिटार आणि वाद्यवृंद घेऊन इंग्लंडमध्ये हिंडत होता. लोकगीतांच्या जुन्या रसिकांना हा धर्मद्रोह वाटला, आणि एका कार्यक्रमात अखेरच्या गीतापूर्वी प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला ‘जूडास’ असे संबोधिले. ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याचे हे नाव उच्चारले जाताच सभागृहात उठलेली खळबळ आणि गायकाचे प्रत्युत्तर फितीवर स्पष्ट ऐकू येते. चोरट्या मुद्रिकांवर या कार्यक्रमाचे स्थळ लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल असे छापले गेले आणि ते कित्येक वर्षे तसेच प्रमाण मानले गेले.

वस्तुतः हा प्रसंग १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये घडला. अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रम त्यानंतर २६ व २७ मे रोजी झाले. चाहत्या अभ्यासकांनी फिती एकमेकींशी ताडून आणि उपस्थितांच्या साक्षी मिळवून ही चूक उघडकीस आणली. १९९८ साली कंपनीने हे मुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध केले तेव्हा ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ ही अक्षरे अवतरणचिन्हांत ठेवली. प्रमाद इतका रूढ झाला होता की तो काढून टाकण्याऐवजी त्याला अवतरणात बसविणे सोयीचे वाटले. २०१६ मध्ये त्या वर्षीची उपलब्ध मुद्रणे ३६ तबकड्यांत एकत्र प्रसिद्ध झाली. कंपनीचे मुद्रण जेथे नव्हते अशा काही कार्यक्रमांसाठी तीत श्रोत्यांच्या फितीही समाविष्ट केल्या गेल्या. ज्या साधनास एके काळी चोरीचा माल म्हटले, त्यालाच अखेर संग्रहात स्थान द्यावे लागले.

या प्रकरणातून साधनाची एक मर्यादाही दिसून येते. तो शब्द उच्चारणारा आपणच, असा दावा पुढे दोन निरनिराळ्या व्यक्तींकडून करण्यात आला. फीत काय म्हटले ते सांगते. कोणी म्हटले ते सांगत नाही. ध्वनी हा प्रत्यक्ष पुरावा असला, तरी त्याला चेहरा नसतो.

४

स्थळकाळाची निश्चिती झाल्यावर फितीची ध्वनिविषयक परीक्षा करावी लागते. परीक्षणे लिहिणारे पुष्कळदा ‘आवाज चांगला आहे’ किंवा ‘वाईट आहे’ एवढे म्हणून थांबतात. परंतु ज्येष्ठ गायकाच्या बाबतीत ही परीक्षा निर्णायक असते, कारण यंत्राचा दोष गायकाच्या वयावर आणि वयाचा परिणाम यंत्रावर लादला जाण्याचा धोका असतो.

पहिली परीक्षा गतीची. मुद्रण करताना यंत्राची विद्युत्-घटमाला क्षीण झाली तर फीत संथ फिरते. तीच फीत पुढे योग्य गतीच्या यंत्रावर वाजविली की स्वर चढतो. गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला म्हणजे सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे सा वरून कोमल रिषभापर्यंत, सरकतो. अशा चढ्या फितीत साठीचा गायक पन्नाशीचा भासतो, शब्द चपळ वाटतात, आणि परीक्षक ‘आवाजाला पुन्हा तारुण्य आले’ असे लिहून मोकळा होतो. उलट मंद फितीत गायक थकलेला वाटतो. यावर उपाय आहे. रंगमंचावरील विद्युत्-उपकरणांची गुणगुण फितीत उतरली असेल तर ती युरोपात सेकंदास ५० आणि अमेरिकेत ६० कंपनांच्या हिशेबाने यावयास हवी. तसेच मेळातील वाद्यांची पट्टीही ताडून पाहता येते. ही पडताळणी झाल्याखेरीज आवाजाच्या वयाविषयी विधान करणे धाडसाचे होय.

दुसरी परीक्षा वर्णांची. मोठ्या सभागृहात ध्वनी भिंतींवरून परतून येतो, त्यामुळे स्वर लांबतात आणि व्यंजने त्यांच्याखाली झाकली जातात. स, फ, ट, क यांसारख्या वर्णांची ओळख बरीचशी उच्च कंपनांवर अवलंबून असते. आणि कॅसेटवरून कॅसेटवर प्रत करताना प्रत्येक पिढीत हीच उच्च कंपने प्रथम झिजतात. मूळ फितीत स्पष्ट असलेला शब्द चौथ्या-पाचव्या प्रतीत केवळ स्वरांचा सांगाडा होऊन उरतो. त्यातच गायक जर शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारणारा असेल, आणि डिलनची ती ख्यातीच आहे, तर लेखनिकाची अवस्था जीर्ण मोडी कागदापुढे बसलेल्या वाचकासारखी होते.

तिसरी परीक्षा ऐकणाऱ्याची. ज्याला गीताचा छापील पाठ मुखोद्गत आहे, त्याला अस्पष्ट जागी तोच पाठ ऐकू येतो. कान रिकामी जागा स्मृतीने भरून काढतो. म्हणून गायकाने बदललेला शब्द चाहत्याच्या टिपणात अनेकदा मूळपदावर येतो. जुन्या हस्तलिखितांत लेखनिक अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालतो, त्यातलाच हा प्रकार. पाठचिकित्सेचा नियम असा की दोन पाठांतील कठीण पाठ सहसा अधिक ग्राह्य मानावा, कारण सोप्याचे कठीण कोणी मुद्दाम करीत नाही. हा नियम ध्वनिफितीसही लागू आहे; फक्त येथे ‘कठीण’ याऐवजी ‘अनपेक्षित’ असे म्हणावयाचे. शक्य तर एकाच कार्यक्रमाच्या दोन निरनिराळ्या जागांवरून झालेल्या फिती ताडून पाहाव्यात. एकीत टाळ्यांनी बुडालेला शब्द दुसरीत मोकळा सापडतो.

५

एवढे कष्ट कशासाठी, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. उत्तर असे की डिलनची गीते एका पाठात स्थिर राहिलेली नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला, तसा एकच शुद्ध पाठ येथे सिद्ध करता येणार नाही. कारण पाठभेद करणारा लेखनिक नसून स्वतः कवीच आहे. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ हे त्याचे गीत घ्यावे. ते सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे मुद्रित झाले. डिसेंबरअखेर मिनिआपोलिस येथे पुन्हा मुद्रित झाले, आणि हा दुसरा पाठ जानेवारी १९७५ च्या संग्रहात आला. या दोहोंत सर्वनामांचा फरक आहे. पहिल्यात निवेदन पुष्कळसे ‘तो’ या तृतीय पुरुषी सर्वनामाने चालते. दुसऱ्यात तेच ‘मी’ होते. १९८४ साली वेंब्ली येथील कार्यक्रमात या गीताची कडवी जवळजवळ नव्याने लिहिलेली आढळतात आणि निवेदन पुन्हा ‘तो’कडे वळते. एका सर्वनामाच्या हालचालीने आत्मकथन परकथन होते आणि परकथन आत्मकथन होते. व्याकरणाच्या अभ्यासकास याहून मनोरंजक उदाहरण क्वचितच मिळेल.

हे तीन पाठ अधिकृत मुद्रिकांवर उपलब्ध आहेत. परंतु या गीताच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण पाठभेद श्रोत्यांच्या फितींनी राखला. मूळ गीतात एक स्त्री निवेदकाच्या हाती तेराव्या शतकातील एका इटालियन कवीचे पुस्तक देते. १९७८ च्या जागतिक दौऱ्याच्या अखेरच्या टप्प्यात, त्या वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेत झालेल्या कार्यक्रमांच्या फितींत हा कवी नाहीसा होतो आणि त्याच्या जागी बायबल येते. प्रथम मत्तयाच्या शुभवर्तमानाचा उल्लेख ऐकू येतो, पुढे यिर्मयाच्या ग्रंथाचा. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या डिलनने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचे जगाला उमगले ते ऑगस्ट १९७९ मध्ये, ‘स्लो ट्रेन कमिंग’ हा संग्रह निघाला तेव्हा. १९८० च्या ‘सेव्हड’ या संग्रहाच्या वेष्टनावर यिर्मयाचेच वचन छापलेले आहे. म्हणजे जाहीर घोषणेच्या कित्येक महिने आधी हा पालट गीताच्या एका ओळीत उमटू लागला होता, आणि प्रेक्षागृहात लपून बसलेल्या यंत्रांनी तो नोंदविला. एखाद्या कवीच्या मनात चाललेल्या धर्मांतराची तारीख एका पाठभेदावरून मागे नेता यावी, ही घटना साहित्येतिहासात सामान्य म्हणता येणार नाही.

त्याच काळातील दुसरे उदाहरण. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये डिलनचे चौदा कार्यक्रम झाले. त्यांत त्याने आपले एकही जुने गीत गायिले नाही. सर्व गीते धार्मिक होती, आणि त्या दौऱ्यात गीतांच्या मध्ये तो प्रेक्षकांशी प्रवचनवजा बोलू लागला. जुनी गीते मागणाऱ्या प्रेक्षकांचा रोषही फितींवर ऐकू येतो. याच दौऱ्यात सॅन डिएगो येथे त्याने वर्षापूर्वीची एक हकीकत सांगितली : त्याच शहरातील कार्यक्रमात कोणीतरी रंगमंचावर चांदीचा क्रूस फेकला आणि त्याने तो उचलून घेतला. धर्मांतराच्या प्रत्येक चरित्रकथनात हा प्रसंग येतो; त्याचा आधार गायकाच्या तोंडचे ते निवेदन, आणि ते निवेदन शब्दशः उरले ते श्रोत्याच्या फितीमुळे. २०१७ साली या काळातील मुद्रणांचा अधिकृत संग्रह निघाला. त्यासोबतच्या चित्रपटात मात्र गायकाच्या स्वतःच्या प्रवचनांऐवजी दुसऱ्या लेखकाने नव्याने लिहिलेली प्रवचने मायकेल शॅनन या नटाकडून वदविलेली आहेत. कलाकृती म्हणून त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु उद्या केवळ तो चित्रपटच उरला, तर १९७९ साली डिलन काय बोलला याविषयी पुढील पिढीचा समज काय होईल, याचा विचार अभ्यासकाने करावयास हवा. बखर आणि अस्सल कागद यांचा भेद येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

६

आतापर्यंत शब्दांचा विचार झाला. परंतु परीक्षणाचे अंतिम काम गायनाचे मूल्यमापन हेच आहे, आणि ज्येष्ठ गायकाच्या बाबतीत ते अवघड असते. उदाहरण म्हणून ११ मार्च १९९५ च्या प्राग येथील कार्यक्रमाची फीत घेता येईल. चाहत्यांच्या वर्तुळात तिला मोठा मान आहे. डिलन त्यावेळी त्रेपन्न वर्षांचा होता, आणि प्रागमध्ये लागोपाठ तीन रात्री, ११ ते १३ मार्च, त्याचे कार्यक्रम झाले. पहिल्या रात्री एक अनपेक्षित गोष्ट घडली. एरवी गिटारमागे उभा राहणारा हा गायक त्या दिवशी बहुतेक वेळ गिटार न घेता, हातात मायक्रोफोन आणि हार्मोनिका धरून गायिला. प्रकृती बरी नसल्यामुळे असे झाले, असे सांगण्यात येते.

या फितीच्या परीक्षणात दोन प्रश्न निराळे ठेवावे लागतात. एक, गायकाने काय केले. दुसरा, ते ऐकू का येते. गिटार बाजूस राहिल्यामुळे मायक्रोफोन तोंडाजवळ राहिला आणि आवाजास इतर वाद्यांतून वाट काढावी लागली नाही. म्हणून शब्दांची स्पष्टता वाढली, यात नवल नाही. तिचे सर्व श्रेय आवाजाच्या प्रकृतीस देता येत नाही. परंतु या स्पष्टतेमुळेच गायकाची रीत उघड होते. कार्यक्रमातील गीते १९६४ च्या ‘बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर’पासून १९९० च्या ‘गॉड नोज’पर्यंत पसरलेली आहेत. तरुणपणीची गीते तो तरुणपणीच्या चालीवर गात नाही. ‘मिस्टर टँबूरिन मॅन’ येथे संथ लयीत येते, ओळीतील आघात जागा बदलतात, आणि शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडली जाते. ‘बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर’ हे दोघांचा संवाद असलेले गीत आहे. निघालेली प्रेयसी आणि मागे राहिलेला प्रियकर कडव्यामागून कडवे बोलत जातात. एकवीस वर्षांच्या युवकाने रचलेले हे विरहगीत पन्नाशी उलटलेल्या आवाजात ऐकताना बोलणारा बदलल्याची जाणीव होते. शब्द तेच, परंतु आता ते वियोगाच्या वेळी उच्चारलेले न वाटता वियोगानंतर पुष्कळ वर्षांनी आठविलेले वाटतात. वय हे येथे आवाजातील उणीव म्हणून नव्हे, तर गीताच्या अर्थाचा एक घटक म्हणून येते.

हीच दृष्टी पुढील काळासही लावावी लागते. २००० नंतरच्या काही वर्षांत डिलनच्या गायनात एक लकब शिरली : ओळ एका खालच्या सुरात म्हणावयाची आणि तिचे शेवटचे अक्षर एकदम वर उडवावयाचे. फिती ऐकून परीक्षणे लिहिणाऱ्या चाहत्यांनी तिला ‘अपसिंगिंग’ असे नावही दिले. कित्येकांना ती अत्यंत त्रासदायक वाटली. काहींनी तीत, आवाजाचा पल्ला आखूड झाल्यावर चालीस आकार देण्याचा प्रयत्न पाहिला. वाद कसाही मिटो. सरळ विधानाच्या शेवटी सूर चढविल्याने वाक्यास प्रश्नाचा भास येतो, आणि ठाऊक असलेल्या शब्दांना अनिश्चिततेची छटा लागते, हे निरीक्षण भाषेच्या अभ्यासकास नजरेआड करता येत नाही. ही लकब कोठे सुरू झाली, कोठे वाढली आणि केव्हा विरली, हे सांगणारा पुरावा म्हणजे शेकडो रात्रींच्या फिती. एखाद्या मानवी आवाजाच्या वार्धक्याची इतकी सलग, जवळजवळ रात्रीगणिक नोंद अन्यत्र क्वचितच झाली असेल.

७

या साधनाविरुद्ध घेतला जाणारा मुख्य आक्षेप नीतीचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपला आवाज केव्हा आणि कोणत्या रूपात जतन व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार गायकास असावा, हे तत्त्व १९६१ च्या रोम येथील आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केले. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने संमतीवाचून केलेल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणास स्पष्ट बंदी घातली. गायकालाही चुकण्याचा हक्क आहे. घसा बसलेला असताना झालेले गायन कायमचे नोंदले जाणार, या धास्तीने तो प्रयोग करण्याचेच थांबवील, तर तोटा संगीताचाच होईल. २०२२ च्या शरद ऋतूत डिलनच्या युरोपीय दौऱ्यात श्रोत्यांचे दूरध्वनी कुलूपबंद पिशव्यांत ठेवण्याची व्यवस्था होती. तीमागे श्रोत्याने पडद्याकडे न पाहता रंगमंचाकडे पाहावे, ही रास्त अपेक्षा होती. तरीही त्या दौऱ्यातील कार्यक्रमांच्या फिती झाल्याच.

दोन्ही पक्षांना न्याय देणारा मार्ग असा दिसतो की मुद्रणाचा व्यापार आणि मुद्रणाचे जतन या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात. डिलनच्या कागदपत्रांचा व मुद्रणांचा संग्रह अमेरिकेतील टल्सा येथे आणला गेला आहे, आणि २०२२ च्या मे महिन्यात तेथील केंद्र लोकांसाठी खुले झाले. मेपलसनची नळकांडी आज राष्ट्रीय ठेवा म्हणून गणली जातात. चाहत्यांच्या फितीही अशा संस्थांतून, विक्रीविना, अभ्यासासाठी सुरक्षित राहू शकतात. त्यासाठी घाई मात्र केली पाहिजे. चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते, मुद्रण करणारी पहिली पिढी वृद्ध झाली आहे, आणि पेटीवर लिहिलेल्या तारखेचा अर्थ तीच पिढी सांगू शकते. महाराष्ट्रातील रसिकांनी खाजगी मैफलींच्या ज्या फिती कपाटांतून जपून ठेवल्या आहेत, त्यांनाही हेच लागू आहे. पेटी राहते आणि पेटीवर काय आहे हे सांगणारा माणूस जातो.

श्रोत्याच्या फितीचे परीक्षण लिहिणाऱ्याने म्हणून चार गोष्टी क्रमाने नोंदवाव्यात. स्थळ आणि तारीख कशावरून निश्चित केली. हाती असलेली प्रत मुळापासून किती पिढ्यांची आहे. गती तपासली आहे काय. आणि छापील पाठाहून निराळा ऐकू आलेला प्रत्येक शब्द, तो खात्रीचा की संशयित, या खुणेसह. यानंतर आवाज आवडला की नाही हे त्याने अवश्य सांगावे. रसिकाचा अभिप्राय हाही पुढे साधनच होतो. पण पहिल्या चार नोंदी नसतील तर तो अभिप्राय कोणत्या रात्रीच्या, कोणत्या गायनाविषयी आहे, हे पन्नास वर्षांनी कोणास कळणार नाही. गीत गायिले जाते तेव्हाच पुरे होते, असे मानणाऱ्या कवीच्या बाबतीत त्या एका रात्रीचा पत्ता हरविणे म्हणजे त्याच्या ग्रंथाचे एक पान हरविणे होय.